खुलताबादच्या कबरस्तानात एक दुपार

माध्यमिक शाळेत इतिहास शिकवायला लागून मला आता बारा वर्षे झाली. सनावळ्या, लढाया, तह आणि सुधारणा दरवर्षी फळ्यावर लिहायच्या, मुलांनी त्या वहीत उतरवून घ्यायच्या आणि परीक्षेत त्याच आमच्याकडे परत पाठवायच्या, अशी ही देवघेव चालते. तिच्यात कोणाचे फारसे नुकसान होत नाही, पण फायदाही बेताचाच होतो. गेल्या हिवाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने खुलताबादला जाणे झाले आणि एक दुपार तेथल्या जुन्या कबरींमधून काही हेतू न धरता भटकण्यात गेली. त्या दुपारी जे पाहिले, ते आपल्या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावेसे वाटले म्हणून हा लेख.

भटकण्याचे कारणही सांगितले पाहिजे. वलीमा उरकला होता. पुरुषमंडळी बैठकीत टेकली होती आणि बोलणे माझ्या भाचीवर आले. ती त्या वर्षी दहावीला होती. माझे दुल्हेभाई म्हणाले, "दहावी झाली की पुरे. कनिष्ठ महाविद्यालय पंधरा किलोमीटरवर. रोज एस. टी. ने कोण नेणार, कोण आणणार? जमाना कसा आहे ते तुम्ही बघताच." मी माझ्या परीने दोन शब्द बोललो. ते त्यांना पटले नाहीत. चहाचे पेले उचलायला आलेली माझी बहीण क्षणभर थबकली आणि काही न बोलता आत गेली. मला तेथे बसवेना. चपला घालून बाहेर पडलो, तशी "मामू, मी पण येते" म्हणत भाची मागोमाग आली.

खुलताबाद हे गाव छत्रपती संभाजीनगरपासून (२०२३ पर्यंतचे औरंगाबाद) सुमारे पंचवीस किलोमीटरवर, दौलताबादचा घाट चढून वेरूळकडे जाताना डोंगरमाथ्यावर लागते. जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही 'रौजा' हेच नाव आहे. रौजा म्हणजे बाग, आणि बुजुर्गांच्या मजारीलाही तोच शब्द. १३२७ मध्ये सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला हलविली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. त्या सुमारास दिल्लीहून आलेल्यांत आलिम होते, कवी होते, सूफी होते. राजधानी पुढे परत गेली. यांच्यापैकी अनेकजण या डोंगरावरच राहिले. हजरत निजामुद्दीन औलियांचे खलिफा बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा इंतकाल १३३७ चा. खानदेशातले बऱ्हाणपूर शहर त्यांच्याच नावाने वसले. त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराजी यांचा इंतकाल १३६९ चा. या दोघांचे दर्गे गावात रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत.

आम्ही प्रथम जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्यात शिरलो. याच दर्ग्याच्या आवारात बादशहा औरंगजेबाची कबर आहे. भाचीने हळूच विचारले, "मामू, टी. व्ही. वर दाखवत होते ती हीच का?" २०२५ च्या मार्चमध्ये या कबरीवरून राज्यात मोठा वाद पेटला होता. मुलांनी ते सारे घरोघरी पाहिले होते. मी म्हणालो, "हीच. आता जे ऐकलेस ते थोडा वेळ बाजूला ठेव आणि काय दिसते ते सांग." ती म्हणाली, "छत नाही. वर माती आहे. मातीत सब्जाचे झाड आहे."

तिने बरोबर पाहिले होते. हा बादशहा १६८१ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर निघाला तो पुन्हा दिल्लीला परतलाच नाही. ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ भिंगार येथे त्याला मृत्यू आला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला येथे आणून दफन केले. स्वतः शिवलेल्या टोप्यांच्या विक्रीतून उरलेल्या चार रुपये दोन आण्यांत कफनाचा खर्च भागवावा, असे त्याने सांगून ठेवले होते, असे म्हणतात. भोवतालची संगमरवरी जाळी विसाव्या शतकाच्या प्रारंभी निजामाच्या राजवटीत बसविलेली आहे. 'खुल्द-मकानी', म्हणजे स्वर्गवासी, हा त्याला मृत्यूनंतर मिळालेला किताब, आणि त्यावरून रौजाचे खुलताबाद झाले.

कबर साधी आहे, हे खरे. याच बादशहाच्या हुकमाने १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना हालहाल करून मारण्यात आले, हेही तितकेच खरे. साध्या मातीने ती गोष्ट पुसली जात नाही, आणि ती गोष्ट खरी म्हणून ही माती खोटी ठरत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही वहीत लिहून घ्यावे. कबर ही नवस बोलण्याची वस्तू नाही आणि भांडणाचीही नाही. तो एक पुरावा आहे, आणि पुरावा जागेवर असेल तरच तो पुढच्या पिढीला तपासता येतो.

समोर बुऱ्हाणुद्दीन गरीबांच्या दर्ग्यात हैदराबादच्या निजाम घराण्याचा संस्थापक पहिला असफजाह (मृत्यू १७४८) आणि त्याचा मुलगा नासिरजंग (मृत्यू १७५०) यांच्या कबरी आहेत. या मुलाने १७४१ मध्ये बापाविरुद्ध बंड पुकारले होते आणि औरंगाबादजवळ बापलेकांच्या फौजा एकमेकींवर चालून गेल्या होत्या. आज दोघे एकाच आवारात आहेत. भाची म्हणाली, "आता कोण कोणाला दटावणार?" मला हसू आले, पण कितीतरी घराण्यांचा इतिहास या वाक्यात बसेल.

येथपर्यंत सगळेच यात्रेकरू आणि सहलवाले येतात, आणि येथूनच परत फिरतात. आम्हाला घाई नव्हती. गावाच्या तटाबाहेर पडलो आणि दिसेल त्या पायवाटेने चालत राहिलो. डोंगरावर हिवाळ्याचे कोवळे ऊन होते. सीताफळीच्या झुडुपांत शेळ्या चरत होत्या. वाटेच्या दोन्ही बाजूंना कबरीच कबरी. काही चौथऱ्यावर, काही जमिनीत रुतलेल्या, काहींच्या उशाशी दिवा ठेवायचा कोनाडा. साऱ्यांचा रोख मात्र एकच: डोके उत्तरेला, पाय दक्षिणेला, कारण आपल्या देशातून किब्ला पश्चिमेला येतो आणि मय्यताचे तोंड तिकडे करावयाचे असते. रानात वाट चुकलेल्या माणसाने जुनी कबर पाहिली तरी त्याला दिशा कळावी. ही गोष्ट मी भूगोलाच्या तासाला कधी सांगितली नव्हती.

पुढे सय्यद राजू कत्ताल यांचा दर्गा आहे. गुलबर्ग्याचे प्रसिद्ध ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचे हे वडील. या दर्ग्याच्या परिसरात एक उघडी, साधी कबर आहे. ती गोवळकोंड्याच्या शेवटच्या बादशहाची, अबुल हसन तानाशहाची. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर जाताना छत्रपती शिवाजी महाराज हैदराबादला ज्याला भेटले आणि ज्याच्याशी त्यांनी सख्य केले, तोच हा कुतुबशहा. त्याचे दिवाण मादण्णा आणि आकण्णा हे ब्राह्मण होते. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडला. मोगल सरदार महालात शिरले तेव्हा तानाशहाने शांतपणे त्यांच्यासमोर न्याहारी केली, असे इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवले आहे. त्यानंतर दौलताबादच्या किल्ल्यात तो कैदेत राहिला आणि कैदेतच मेला. हैदराबादला कुतुबशाही घराण्याच्या भव्य घुमटांची रांग आहे. तिच्यात या शेवटच्या राजाला जागा मिळाली नाही. ज्याने राज्य घेतले आणि ज्याचे राज्य गेले, ते दोघे आज एकाच गावच्या मातीत पायी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

येथून जवळच घुमट असलेली दगडचुन्याची एक भक्कम इमारत उभी आहे. तो मलिक अंबरचा मकबरा. बाजूला त्याची पत्नी बीबी करीमा हिचा लहान मकबरा आहे. येथे मी भाचीला बसवून सविस्तर सांगितले, कारण पाठ्यपुस्तकात या माणसाच्या वाट्याला थोड्याच ओळी येतात.

मलिक अंबर १५४८ च्या सुमारास हबशी मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मला. लहानपणी तो गुलाम म्हणून विकला गेला. हातोहात विकला जात अरबस्तान आणि बगदादमार्गे तो दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा मालक स्वतःही एके काळी गुलामच होता. ज्याच्या नावावर स्वतःचे शरीरही नव्हते, तो माणूस पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. अकबर आणि जहांगीर या दोन बादशहांच्या फौजांना त्याने वर्षानुवर्षे थोपवून धरले. डोंगरदऱ्यांचा आसरा घ्यायचा, शत्रूची रसद तोडायची, अंगावर येऊन पुन्हा नाहीसे व्हायचे, ही लढाईची रीत त्याने मराठा बारगिरांच्या बळावर वापरली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे भोसले लढले होते. त्याने जमिनीची पाहणी करून, पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरविण्याची पद्धत बसविली. १६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसविले; तेच पुढे १६५३ मध्ये औरंगाबाद झाले. डोंगराचे पाणी जमिनीखालून नळांनी शहरात आणणारी 'नहरे अंबरी' त्याचीच. १४ मे १६२६ रोजी तो वारला. त्याचा मुडदा पाडावा म्हणून जहांगीर वर्षानुवर्षे तळमळत होता; पण जहांगीरचा बखरकार मुतमदखान यानेच त्याच्या मृत्यूची नोंद करताना लिहून ठेवले की युद्धात, कारभारात आणि शहाणपणात याला तोड नव्हती. शत्रूच्या लेखणीतून उतरलेले असे प्रशस्तिपत्र फार थोड्यांना मिळते.

हे सांगत असताना माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. वादातली कबर साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाली. ही मात्र आमच्याच मुलांना माहीत नाही. तेथे आम्ही दोघेच होतो. दूरवर एक गुराखी बसला होता, एवढेच.

उतरणीवर एके ठिकाणी दगडी कबरींचा पुंजका होता. नाव नाही, सन नाही. भाची वाकून पाहत होती. "मामू, या कबरीवर डबीसारखे काय आहे? आणि या शेजारच्या कबरीवर नुसताच सपाट चौकोन का?"

मी सांगितले, "डबीसारखे दिसते ते कलमदान. बोरू ठेवायची पेटी. ते असले की कबर पुरुषाची. सपाट असते ती तख्ती, म्हणजे पाटी. ती असली की कबर बाईची." मोगल काळातील अनेक कबरींवर ही खूण आढळते. ताजमहालातही मुमताज महलच्या कबरीवर तख्ती आहे आणि शहाजहानच्या कबरीवर कलमदान. नाव पुसले गेले, घराणे बुडाले, तरी दगडावरच्या या उंचवट्यावरून आत कोण आहे एवढे कळते.

ती म्हणाली, "बाईच्या कबरीवर पाटी? मग त्या लिहायच्या का?"

याचा जो अर्थ नेहमी सांगतात तो मी सांगितला: पुरुष ही लेखणी, स्त्री ही पाटी, लेखणी पाटीवर आपले लिहिते. तिने थोडा विचार केला आणि विचारले, "म्हणजे पाटी तिची आणि लेखणी दुसऱ्याची?"

बारा वर्षांच्या नोकरीत वर्गात मला पुष्कळ प्रश्न विचारले गेले. या प्रश्नापुढे मी गप्प बसलो. थोड्या वेळाने तिला एक हकीकत सांगितली. आम्ही बसलो होतो तेथून दहा-बारा किलोमीटरवरच्या दौलताबादेत १६३८ मध्ये एक मुलगी जन्मली. तिचे नाव जेबुन्निसा. औरंगजेबाची ही थोरली लेक. हाफिजा मरियम या विदुषी बाईंनी तिला शिकविले आणि लहान वयातच तिने कुरआन शरीफ मुखोद्गत केले. ती अरबी-फारसीत पारंगत झाली, कविता करू लागली, तिने ग्रंथालय जमविले आणि आलिमांना व खुशनवीसांना पगार देऊन ग्रंथ लिहवून घेतले. १६८१ मध्ये भाऊ शहजादा अकबर याच्या बंडात तिचा पत्रव्यवहार सापडला, म्हणून बापाने तिला दिल्लीच्या सलीमगडात कैद केले. १७०२ मध्ये ती कैदेतच वारली. बापाच्या हाती किल्ल्याची कुलुपे होती. पण तिला जे येत होते ते काढून घेण्याचे कुलूप त्याच्याजवळ नव्हते. तिच्यासाठी पाटीबरोबर लेखणीही आली होती.

उन्हे कलली होती. परतताना आणखी दोन कबरी पाहिल्या. त्या राजांच्या नाहीत, लिहिणाऱ्यांच्या आहेत. एक कवी अमीर हसन सिज्जी यांची. हजरत निजामुद्दीन औलियांच्या बैठकीतील बोलणे त्यांनी वर्षानुवर्षे टिपून ठेवले. त्याचा 'फवाइदुल फुआद' हा ग्रंथ झाला. बोलणारे गेले, ऐकणारे गेले, टिपणारा टिपून गेला म्हणून ते बोलणे सातशे वर्षे राहिले. दुसरी कबर गुलाम अली आझाद बिलग्रामी यांची (१७०४ ते १७८६). उत्तरेतल्या बिलग्रामचा हा पंडित औरंगाबादेत पाणचक्कीच्या तकियात राहिला. त्यांचे मित्र शाहनवाजखान यांनी मोगल उमरावांची चरित्रे लिहिण्यास घेतली होती. १७५८ मध्ये शाहनवाजखानांची औरंगाबादेत हत्या झाली, घर लुटले गेले आणि हस्तलिखिताची पाने विखुरली. आझादांनी शोध करकरून ती पाने गोळा केली आणि लावून घेतली. पुढे शाहनवाजखानांच्या मुलाने पुरा केलेला तोच ग्रंथ 'मआसिरुल उमरा'. आज मोगल सरदारांविषयी कोणालाही लिहावयाचे असेल तर त्याला या ग्रंथाशिवाय पाऊल टाकता येत नाही. लुटारूंनी फेकलेल्या कागदांची किंमत एका शिक्षित माणसाला कळली, म्हणून हे घडले.

विद्यार्थी मित्रांनो, खुलताबाद सर्वांच्या गावात नसते, पण जुने कबरस्तान बहुतेक गावांत असते. सुट्टीच्या दिवशी वडीलधाऱ्यांना आणि मशिदीच्या जमातीला विचारून तेथे जा. वही बरोबर न्या. कलमदान किती, तख्त्या किती, कोणत्या दगडावर अक्षरे आहेत, ते लिहून काढा. सन बहुधा हिजरी असतो. हिजरी वर्ष चांद्र असल्याने आपल्या वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान भरते. म्हणून हिजरी सनाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळविले की इसवी सन जवळपास येतो. मलिक अंबर १०३५ हिजरीत वारला. गुणाकार करून पाहा, १६२६ च्या अगदी जवळ पोहोचाल. काही शिलालेखांत आकडा नसतो, ओळीतच सन लपविलेला असतो. अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला किंमत आहे: अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४. बिस्मिल्लाहचे ७८६ होतात ते याच हिशेबाने. अक्षरे वाचताना दगड खिळ्याने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नका. आणि मोठ्यांना विनंती, की सफाईच्या नावाखाली अक्षरांवर चुना किंवा सिमेंट थापू नका. चुन्याचा एक हात शे-दोनशे वर्षांची नोंद कायमची बुजवून टाकतो.

पालक बंधू-भगिनींनो, त्या रात्रीची हकीकत सांगून लेख संपवितो. जेवताना भाचीने वडिलांना दिवसभर पाहिलेले सारे सांगितले: सब्जाचे झाड, तानाशहाची न्याहारी, गुलामाचा झालेला वजीर. शेवटी म्हणाली, "अब्बा, तिथे बायकांच्या कबरीवर पाटी असते." दुल्हेभाई घास हातात धरून तिच्याकडे पाहत राहिले. नंतर त्यांनी एवढेच विचारले, "नाव नसते?" ती म्हणाली, "नाव नाही. नुसती पाटी. कोरी."

कोणी पुढे काही बोलले नाही. मीही बोललो नाही. आपल्या वाडवडिलांनी मेलेल्या लेकींच्या उशाशी दगडाची पाटी ठेवली. जिवंत लेकीच्या हाती लेखणी द्यायची की नाही, हे आपण ठरवायचे आहे, आणि त्यासाठी तिच्या मरणाची वाट पाहता येत नाही.

दुल्हेभाईंनी त्या वेळी होकार दिला नाही. परंतु महिन्याभराने बहिणीचा फोन आला. ते एस. टी. च्या आगारात जाऊन विद्यार्थिनींच्या पासाची चौकशी करून आले होते.